अपघाताचा दावा, वकिलांचे काम आणि त्यांची फी

माझे भावोजी घोडबंदर रस्त्याने दुचाकीवरून घरी येत होते आणि मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवले. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. शस्त्रक्रिया होऊन ते अजून वॉर्डातही आले नव्हते, तोच तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ छापील कागद घेऊन माझ्या बहिणीपाशी आले. "ताई, तुम्हाला खिशातून एक रुपया घालायचा नाही. केस आम्ही लढतो. पैसे आले की त्यातले वीस टक्के वकीलसाहेबांचे. इथे आणि इथे सह्या करा," असे त्यांनी सांगितले. ताईने दोन कागदांवर सही केली. त्यातला एक वकीलपत्राचा होता आणि दुसरा कोरा होता.

त्या सह्यांतून मोकळे होण्यासाठी आम्हाला जवळजवळ चार महिने ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर खेपा घालाव्या लागल्या. त्या काळात मी जे शिकलो, वाचले आणि जाणकारांना विचारून पक्के केले, ते इथे क्रमाने मांडतो. अपघाताच्या पहिल्या आठवड्यात घरातले कोणीही कायदा वाचण्याच्या मनःस्थितीत नसते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सह्या मागितल्या जातात.

दावा कुठे आणि किती दिवसांत

रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला, किंवा मृत्यू झाल्यास तिच्या वारसांना, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली भरपाई मागता येते. हा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. समोर वाहनाचा मालक आणि त्याची विमा कंपनी हे सामनेवाले असतात. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या जोखमीचा विमा सक्तीचा असल्यामुळे भरपाईची रक्कम बहुतेक वेळा विमा कंपनीच भरते. टेम्पो चालवणारा गरीब आहे, त्याच्याकडून काय मिळणार, असे म्हणून दावाच न करणारी माणसे मला भेटली आहेत. त्यांचा हा समज चुकीचा आहे.

दावा कुठे करायचा याची निवड दावेदाराकडे असते. जिथे अपघात झाला तिथे, दावेदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला राहतो तिथे, यांपैकी कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. आपल्या भागात हे विशेष लक्षात ठेवायला हवे, कारण नवी मुंबई म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो तो प्रदेश दोन जिल्ह्यांत विभागलेला आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. खारघरला राहणाऱ्या माणसाचा अपघात माजिवड्याला झाला, तर त्याला ठाण्यात दावा करता येईल आणि रायगड जिल्ह्यातही करता येईल. मोडलेला पाय घेऊन दर तारखेला कुठे जाणे सोयीचे आहे, हा विचार करूनच ठिकाण ठरवावे आणि वकीलही त्या न्यायालयात नियमित काम करणारे निवडावेत.

मुदत हा सर्वांत नाजूक मुद्दा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही दावेदाराने त्या निकालाच्या भरवशावर थांबू नये. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे, असे धरूनच चालावे. आमचे चार महिने वाया गेले तेव्हा मला झोप लागत नसे, ती या मुदतीमुळेच.

वकिलांशिवायही काही गोष्टी आपोआप घडायला हव्यात. २०२२ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. पोलिसांकडून आलेला अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून हाताळण्याची तरतूदही कायद्यात आहे. विमा कंपनीने माहिती मिळाल्यावर तडजोडीचा प्रस्ताव ३० दिवसांत द्यावा, असे कलम १४९ सांगते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. प्रत्यक्षात अहवाल कुठवर आला आहे हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारणारे कोणीतरी लागते, आणि वकिलांच्या कामाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तर मार्ग वेगळा आहे. त्यासाठीच्या योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. रेल्वेचे अपघातही या न्यायाधिकरणात येत नाहीत. ठाणे किंवा दिवा स्थानकाजवळ लोकलमधून पडलेल्या प्रवाशाचा दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे मुदत एक वर्षाची आहे आणि मृत्यूसाठीची रक्कम ८ लाख रुपये ठरलेली आहे. तळोजा किंवा ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्याच्या कामावर असताना वाहनाचा अपघात झाला, तर कामगारांच्या भरपाईचा कायदा आणि मोटार वाहन कायदा यांपैकी एकच वाट धरता येते. कोणती वाट अधिक लाभाची आहे हे आकडे मांडून सांगणे, हे वकिलांचे पहिले खरे काम असते.

वकील नेमके काय करतात

दावा म्हणजे कोर्टात उभे राहून केलेले भाषण, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात हे काम मुख्यतः कागदांचे असते. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा तपासणी अहवाल, विम्याची पॉलिसी, चालकाचा परवाना, रुग्णालयाचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची मूळ बिले, आणि मृत्यू असल्यास शवविच्छेदन अहवाल, हे सर्व गोळा करणे, त्याच्या सहीशिक्क्याच्या नकला काढणे आणि त्यातल्या विसंगती शोधणे यात पहिले काही आठवडे जातात. पंचनाम्यात रस्त्याची बाजू चुकली असेल किंवा एफआयआरमध्ये वाहनाचा क्रमांक अपुरा असेल, तर विमा कंपनीचे वकील पुढे उलटतपासणीत त्याच जागेवर बोट ठेवतात. चांगले वकील ही जागा आधीच हेरतात आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा पत्ता वेळेवर मिळवून ठेवतात.

त्यानंतरचे काम उत्पन्न आणि अपंगत्व सिद्ध करण्याचे असते. भरपाईचा आकडा न्यायाधीशांच्या मनात आपोआप उगवत नाही, त्याचे एक गणित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात वयानुसार गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणायचे तो आकडा, ठरवून दिले आणि २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने भविष्यातील उत्पन्नवाढीचे प्रमाण ठरवून दिले. उदाहरण घेऊन पाहू.

समजा, वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये ठरलेल्या पगारावर काम करणारा ३४ वर्षांचा फिटर आहे. त्याचा पगार महिना २० हजार रुपये आहे आणि अपघातामुळे त्याची कमावण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटली आहे. चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसासाठी उत्पन्नात ४० टक्के वाढ धरतात, म्हणजे महिना २८ हजार आणि वर्षाला ३ लाख ३६ हजार रुपये झाले. ३१ ते ३५ या वयासाठी गुणक १६ आहे, म्हणून एकूण ५३ लाख ७६ हजार. त्याचे ३० टक्के म्हणजे १६ लाख १२ हजार ८०० रुपये. उपचाराचा खर्च, पुढच्या शस्त्रक्रियेचा खर्च, मदतनिसाचा खर्च, वेदना आणि त्रास यांची रक्कम यापुढे वेगळी जोडली जाते.

आता याच माणसाचा पगार रोखीने मिळत होता आणि त्याचा एकही कागद नव्हता, असे समजा. न्यायाधिकरणाने अंदाजाने महिना १२ हजार धरले, तर त्याच गणिताने रक्कम ९ लाख ६७ हजार ६८० रुपयांवर येते. मालकाची साक्ष, बँकेचे उतारे, पगाराची वही, जुने भविष्य निर्वाह निधीचे कागद यांपैकी काही मिळवून ते योग्य रीतीने सिद्ध करण्यातला फरक सहा लाखांहून अधिक आहे. वकिलांच्या कामाचे मोल मोजायचे असेल, तर ते इथे मोजावे.

अपंगत्वाच्या टक्केवारीतही असाच फरक पडतो. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईवर झालेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. हात गमावलेला सुतार किंवा चालक आपला धंदाच गमावून बसतो, पण कार्यालयात बसून काम करणारा माणूस त्याच दुखापतीनंतरही नोकरी टिकवू शकतो. आपल्या फिटरच्या हाताचे अपंगत्व प्रमाणपत्रावर ३० टक्के असले, तरी त्या हाताने पाना धरताच येत नसेल आणि कमाईवरचा परिणाम ५० टक्के असल्याचे सिद्ध झाले, तर वरचीच रक्कम २६ लाख ८८ हजार होते. त्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला आणावे लागते आणि त्यांना नेमके प्रश्न विचारावे लागतात. म्हणून वकिलांना पहिल्या भेटीतच विचारावे की उत्पन्न कशाने सिद्ध करणार आणि डॉक्टरांना साक्षीला बोलावणार का. या दोन प्रश्नांवर जे मोघम उत्तर देतात, त्यांच्याकडे फाइल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पक्षकाराचीही एक जबाबदारी आहे. हेल्मेट नव्हते, परवान्याची मुदत संपली होती, गाडी मित्राची होती, आधी त्याच पायाला मार बसला होता, अशा गोष्टी लोक आपल्याच वकिलांपासून लपवतात. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन वकिलांवर आहे आणि भारतीय साक्ष अधिनियम २०२३ मध्येही या गोपनीयतेला संरक्षण आहे. जी गोष्ट आपल्या वकिलांना आज ठाऊक नाही, ती वर्षभराने विमा कंपनीचे वकील भर कोर्टात काढतात, आणि तेव्हा उत्तर तयार नसते.

टक्केवारीची गोष्ट

अमेरिकेत अशा दाव्यांत वकील जिंकले तरच फी घेतात आणि ती मिळालेल्या रकमेच्या साधारण एक तृतीयांश असते. आपल्याकडे हे चालत नाही. वकिली कायदा १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या आचारनियमांतला विसावा नियम सांगतो की वकिलाने खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करार करू नये. मध्यस्थांमार्फत किंवा जाहिरातीने कामे मिळवण्यालाही याच नियमांत मनाई आहे. म्हणजे ताईपाशी आलेले ते गृहस्थ आणि त्यांनी सांगितलेले वीस टक्के, दोन्ही गोष्टी नियमाबाहेरच्या होत्या.

हा नियम नुसता पुस्तकात पडून राहिलेला नाही. वसुलीतला निम्मा हिस्सा फी म्हणून ठरवणाऱ्या एका वकिलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच असा करार वकिलाच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. डिसेंबर २०१७ मध्ये तेलंगणातून आलेले एक प्रकरण तर थेट अपघाताच्या दाव्याचे होते. पती गमावलेल्या महिलेला भरपाई मिळाली, वकिलाने टक्केवारीने फी घेतली, शिवाय आणखी रकमेचा धनादेश तिच्याकडून लिहून घेतला, आणि तो न वटल्यावर तिच्यावरच फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने ती तक्रार रद्द केली आणि भरपाईच्या टक्केवारीवर फी मागणे हे लोकहिताच्या धोरणाविरुद्ध आणि गैरवर्तन आहे, असे म्हटले. टक्केवारीच्या बोलीसाठी तुमच्याकडून कोणी कोरा धनादेश किंवा कोरा कागद मागत असेल, तर हा निकाल लक्षात ठेवावा.

तरीही ही पद्धत चालते, हे मान्य करावे लागेल, आणि ती का चालते हेही समजून घेतले पाहिजे. कमावता माणूस अंथरुणावर, रुग्णालयाचे बिल डोक्यावर, आणि अशा वेळी आगाऊ फी कुठून आणायची? "मिळाल्यावर द्या" हे शब्द त्या क्षणी आधारासारखे वाटतात. टक्केवारीने काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाच्या मनात वाईट असते, असे मी म्हणणार नाही. पण वरच्या फिटरचे गणित पुन्हा पाहा. ती रक्कम म्हणजे त्याच्या पुढच्या सोळा वर्षांच्या बुडालेल्या कमाईचा हिशोब आहे. तिच्यातले वीस टक्के म्हणजे ३ लाख २२ हजार ५६० रुपये, अर्थात त्या सोळा वर्षांतली तीन वर्षांहून अधिकची भरपाई. शिवाय उपचारांसाठी आधीच उसने घेऊन खर्च केलेले पैसेही त्या टक्केवारीत धरले जातात. दावा सोपा आहे की अवघड, किती तारखा लागल्या, किती साक्षीदार तपासले, याचा त्या आकड्याशी काहीच संबंध उरत नाही. आणि ज्यांचा वाटा लवकर तडजोड होण्यात आहे, त्यांचा सल्ला पूर्णपणे तुमच्या हिताचा राहीलच असे नाही.

"जिंकलात तरच द्या" आणि "ठरलेली फी हप्त्याने किंवा उशिरा द्या" यांत मात्र मोठा फरक आहे. पहिल्यात फी निकालावर टांगलेली असते. दुसऱ्यात आकडा आधीच ठरलेला असतो आणि फक्त भरण्याची वेळ पुढे ढकललेली असते. परिस्थिती सांगितली की कित्येक वकील दुसरी गोष्ट मान्य करतात. आम्हाला नंतर भेटलेल्या वकीलबाईंनी तेच केले.

फी कशी ठरवावी

अशा दाव्यांसाठी सर्वांना लागू होणारे दरपत्रक नाही. वकिलांचा अनुभव आणि कामाचे स्वरूप पाहून फी ठरते. सर्वांत स्वच्छ पद्धत म्हणजे संपूर्ण दाव्याची एकच ठोक रक्कम ठरवून तिचे टप्पे पाडणे. केवळ समजण्यासाठी एक आकडा घेऊ. फी ४० हजार ठरली, तर दावा दाखल होताना १० हजार, पुराव्याचे शपथपत्र दिल्यावर १० हजार, साक्षीदारांच्या तपासणीच्या वेळी १० हजार आणि अंतिम युक्तिवादाआधी १० हजार, अशी विभागणी करता येते. काही वकील तारखेप्रमाणे फी घेतात. ती पद्धत नियमात बसते, पण अपघाताचे दावे काही वर्षे चालू शकतात आणि कित्येक तारखांना काहीच काम होत नाही, त्यामुळे ज्या घराचे उत्पन्न आधीच थांबले आहे, त्याला ती परवडण्यासारखी नसते.

फी आणि खर्च यांची सरमिसळ होऊ देऊ नये. कोर्ट फी शासनाकडे जाते. समन्स बजावणी, नकला, नोटरी, टायपिंग, झेरॉक्स, साक्षीला येणाऱ्या डॉक्टरांचा भत्ता, हे सर्व प्रत्यक्ष झालेले खर्च आहेत आणि त्यांच्या पावत्या असतात किंवा निदान नोंद तरी ठेवता येते. "वरखर्चाला द्या" असे तोंडी सांगून वेळोवेळी मागितलेल्या रकमांचा वर्षअखेरीस काहीच मेळ लागत नाही. पक्षकाराकडून घेतलेल्या पैशांचा हिशोब ठेवणे हे वकिलांचे कर्तव्य आचारनियमांतच सांगितलेले आहे, त्यामुळे हिशोब मागण्यात कोणाचा अपमान होत नाही. फी शक्यतो बँकेतून द्यावी. वैयक्तिक पक्षकाराला एकट्या वकिलाने दिलेल्या सेवेवर जीएसटी लागत नाही, तेव्हा बिलात तो दिसला, तर विचारणा करावी.

ठरलेले सगळे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी. एकूण फी किती, टप्पे कोणते, खर्च कोणाकडे, लोकअदालतीत तडजोड झाली तर उरलेल्या टप्प्यांचे काय, आणि उच्च न्यायालयात अपील झाले तर ते या फीत आहे की नाही, एवढे मुद्दे त्यात पुरेत. वकीलबाईंनी हे पान स्वतःहून आमच्यासमोर ठेवले. ताईने ते दोनदा वाचले आणि म्हणाली, "मॅडम, पहिल्या वेळी मला कोणी वाचायला वेळच दिला नव्हता."

वकीलपत्र आणि वकील बदलणे

वकीलपत्र म्हणजे तुमच्या वतीने काम पाहण्याचा अधिकार. त्याच्या छापील मजकुरात बहुधा तडजोड करण्याचा, दावा मागे घेण्याचा आणि तुमच्या वतीने रक्कम स्वीकारण्याचा अधिकारही दिलेला असतो. हे शब्द वाचून, त्यांचा अर्थ विचारून मगच सही करावी. रक्कम स्वीकारण्याचा अधिकार द्यायचा नसेल, तर तो मजकूर खोडून तिथे सही करता येते. मराठी वाचणाऱ्या पक्षकाराने इंग्रजी वकीलपत्र समोर आल्यास ते मराठीतून समजावून मागावे. यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

वकील बदलण्याचा हक्क पक्षकाराला असतो. रीत अशी की आधीच्या वकिलांकडून ना हरकत घेऊन नवीन वकीलपत्र दाखल करायचे. अडचण येते ती फी बाकी आहे असे सांगून कागद अडवले जातात तेव्हा. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सांगितले आहे की फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. फीचा वाद त्यांनी वेगळ्या मार्गाने सोडवावा, कागद मात्र परत केलेच पाहिजेत. आम्ही हा निकाल पत्रात नमूद करून पोचपावतीच्या टपालाने पाठवला आणि दहा दिवसांत मूळ बिले परत मिळाली. कोरा कागद मात्र परत आला नाही, म्हणून त्याबद्दल त्याच पत्राची प्रत जोडून पोलीस ठाण्यात लेखी माहिती देऊन ठेवली.

वकिलांच्या वागणुकीबद्दलची तक्रार राज्याच्या विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे आपल्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, करायची असते. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा सल्ला पूर्वी दिला जात असे. पण वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला, त्यामुळे ती वाट आता बंद आहे.

पैसे नसतील तर

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले, तरी मोफत वकील मिळू शकतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. पती गमावलेली स्त्री टक्केवारीच्या करारावर सही करते आणि आपल्याला विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क होता हे तिला कोणीच सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर एवढी एक ओळ लिहिलेली असती, तर ताईची सही झाली नसती.

लोकअदालतीत बरेच अपघाताचे दावे मिटतात आणि पैसे लवकर मिळतात. मात्र तिथला निवाडा अंतिम असतो, त्याविरुद्ध अपील नाही. म्हणून वर दाखवलेले गणित वकिलांकडून आपल्या बाबतीत मांडून घ्यावे आणि प्रस्तावाची रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी. वर्षभर लवकर मिळणारे पैसे घेण्यात काही गैर नाही, पण आपण किती सोडतो आहोत हे माहीत असले पाहिजे.

रक्कम हातात येताना

निवाड्यात भरपाई आणि अर्ज केल्याच्या तारखेपासूनचे व्याज दिले जाते. अल्पवयीन मुलांचा हिस्सा सहसा मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश होतो आणि मोठ्यांच्या रकमेचाही काही भाग ठेवीत ठेवला जाऊ शकतो. रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात जमा करण्याचे निर्देश न्यायाधिकरणांना देता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे अर्जातच आपल्या स्वतःच्या खात्याचा तपशील द्यावा. त्या खात्याचे पासबुक, एटीएम कार्ड किंवा सही केलेले कोरे धनादेश कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत, मग ती व्यक्ती कितीही जवळची वाटो.

निवाडा कमी वाटला, तर ९० दिवसांत मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र वादातली रक्कम १ लाखापेक्षा कमी असेल, तर अपील होत नाही. विमा कंपनीही अपील करू शकते, पण भरपाई देण्याचा आदेश ज्याच्यावर आहे त्याला त्यासाठी २५ हजार रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती आधी भरावी लागते. अपिलासाठी वकीलपत्र नवे लागते आणि फीही नव्याने ठरते, तेव्हा दुसरे पान लिहून घ्यावे. भावोजींच्या बाबतीत विमा कंपनीने अपील केले नाही. निवाड्याची सहीशिक्क्याची नक्कल घेण्यासाठी ते स्वतः, काठी टेकत, कोर्ट नाक्यावर आले होते, आणि फीचा शेवटचा टप्पा त्यांनी त्याच दिवशी वकीलबाईंच्या खात्यात भरून पावती फाइलला लावली.